कॅमशाफ्टचा बिघाड: ठाणे-नवी मुंबईतल्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोल, सीएनजी आणि डिझेल, तिन्ही प्रकारच्या कारसाठी ही उत्तरं आहेत. दिलेली मापं नेहमीच्या तीन-चार सिलिंडर इंजिनांची सर्वसाधारण मापं आहेत. प्रत्यक्ष काम करताना आपल्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच आकडा धरा, कारण एकाच कंपनीच्या दोन इंजिनांतही ती वेगळी असतात.

कॅमशाफ्ट नेमका काय करतो आणि तो खराब का होतो?

क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या) दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची एक होते. त्याच्यावरचे उंचवटे (लोब) हे टॅपेट किंवा रॉकर, म्हणजे लोब आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला भाग, दाबून व्हॉल्व्ह उघडतात आणि स्प्रिंग तो परत बंद करते. हवा आत घेतो तो इनटेक व्हॉल्व्ह, जळलेला वायू बाहेर सोडतो तो एक्झॉस्ट. आयडलिंगला इंजिन ८०० आरपीएमवर असेल तर प्रत्येक लोब मिनिटाला ४०० वेळा टॅपेट दाबतो. दोघांमध्ये फक्त ऑइलचा पातळ थर असतो. तो तुटला की लोखंडावर लोखंड घासतं, वरचा कडक थर उडतो आणि त्यानंतरची झीज फार वेगाने होते.

आजच्या बहुतेक कारमध्ये कॅम, म्हणजे हाच कॅमशाफ्ट, इंजिनच्या अगदी वरच्या भागात, हेडमध्ये असतो. ऑइल चेंबरमधून पंप, फिल्टर, मग खालची बेअरिंग आणि शेवटी हेड, असा ऑइलचा प्रवास असतो. ऑइल कमी पडलं, घट्ट झालं, गाळ झाला किंवा प्रेशर घसरलं, तर पहिला फटका वर बसतो. म्हणून कॅम झिजलेला सापडला की ‘ऑइल का पोचलं नाही?’ याचं उत्तर मिळेपर्यंत काम अर्धवट आहे असं समजा. नुसता कॅम बदलला तर नवाही त्याच जागी झिजतो.

सकाळी गाडी चालू केल्यावर दोन सेकंद खडखड होते, मग थांबते. हे कॅमचं लक्षण आहे का?

बहुतेक वेळा कॅमचं नाही, त्याच्या आसपासच्या भागांचं. रात्रभरात ऑइल खाली उतरतं. ऑइल फिल्टरमधला, ऑइल परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तर फिल्टरही रिकामा होतो आणि सकाळी हेडपर्यंत ऑइल पोचायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या प्रेशरने आपली फट आपणच भरून काढणारे) वाजतात किंवा चेनचा टेन्शनर ढिला राहून चेन कव्हरवर आपटते.

सगळ्यात आधी ऑइलची पातळी पाहा आणि चांगल्या दर्जाचा नवा फिल्टर लावा. डुप्लिकेट फिल्टर बाजारात भरपूर आहेत, आणि हा दोष नेमका त्यांच्यातच जास्त दिसतो. फिल्टर बदलूनही खडखड राहिली आणि आवाज इंजिनच्या चेनकडच्या बाजूने येत असेल, तर टेन्शनर आणि कॅमच्या गिअरवरचा व्हीव्हीटी फेझर (ऑइलच्या प्रेशरने कॅमचं टायमिंग पुढे-मागे करणारा भाग) तपासायला हवा. फेझरमध्ये एक लॉकपिन असते. इंजिन बंद होताना ती जागेवर बसली नाही, तर पुढच्या स्टार्टला ऑइलचं प्रेशर येईपर्यंत फेझर आतल्या आत आपटतो.

सीएनजीवर टिकटिक येते, पेट्रोलवर येत नाही.

तो सीएनजीच्या इंजेक्टर रेलचा आवाज आहे. ते इंजेक्टर मुळातच मोठ्याने वाजतात आणि त्यांचा ठेका टॅपेटसारखाच असतो. चालू इंजिनात स्विच पेट्रोलवर टाका. टिकटिक त्याच क्षणी थांबली तर टॅपेट कव्हर उघडायचं काही कारण नाही.

आवाज कॅम-टॅपेटचाच आहे हे कसं ठरवायचं?

ठेका ऐका. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून एका टॅपेटचा आवाज ८०० आरपीएमवर सेकंदाला साधारण सात वेळा येतो. खालच्या बेअरिंगची ठकठक त्याच्या दुप्पट वेगाची आणि जड असते, आणि लोड दिला की वाढते.

मग जागा शोधा. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप किंवा लांब स्क्रू-ड्रायव्हर टॅपेट कव्हरच्या बोल्टांवर एकेक करून टेकवा. पंखा आणि बेल्टपासून हात आणि कपडे दूर ठेवा. एका सिलिंडरपाशी आवाज ठळक येत असेल तर त्याच सिलिंडरच्या पेट्रोल इंजेक्टरचा प्लग काढून पाहा. आवाज गेला तर दोष इंजेक्टरचा किंवा त्या सिलिंडरमधल्या ज्वलनाचा, राहिला तर वरच्या मेकॅनिझमचा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुटली असेल तरी अगदी टॅपेटसारखी टिकटिक येते. पण मॅनिफोल्ड तापून फुगला की ती कमी होते, आणि थंड इंजिनात त्या सांध्याजवळ काळा धूर किंवा काजळीचा डाग दिसतो.

लोब झिजला की आवाजाबरोबर पिकअपही जातो. इनटेकचा लोब झिजला तर त्या सिलिंडरमध्ये हवा कमी जाते आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी दिसतं. एक्झॉस्टचा झिजला तर जळलेला वायू बाहेर पडत नाही, पुढच्या वेळी इनटेक उघडला की तो उलटा मॅनिफोल्डमध्ये घुसतो आणि ‘फट्‌’ असा आवाज येतो. त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मात्र गेजवर बरोबर येऊ शकतं. म्हणून कॉम्प्रेशन ठीक आलं म्हणून कॅमवरचा संशय काढून टाकू नका.

चेक इंजिन लाइट लागला, स्कॅनरवर पी ०३४० आला. गॅरेजमध्ये सेन्सर बदला म्हणतात. बदलू का?

तपासल्याशिवाय नको. या कोडचा अर्थ ‘कॅम पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड’ इतकाच आहे. सर्किटमध्ये सेन्सर आला, तशी वायर, प्लग आणि अर्थिंगही आलं. आपल्याकडे पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर इंजिनमध्ये शिरून वायर कुरतडतात, आणि खाडीकाठच्या दमट हवेत प्लगच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. ही दोन कारणं सेन्सर बिघडण्याइतकीच नेहमीची आहेत.

तीन पिनांचा सेन्सर (हॉल सेन्सर) मल्टिमीटरने पाच मिनिटांत तपासता येतो. प्लग काढा, चावी ऑन करा. एका पिनवर ५ किंवा १२ व्होल्ट यायला हवेत, किती ते गाडीप्रमाणे ठरतं. अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. आता प्लग परत लावून सिग्नलच्या वायरवर मागून पिन टोचा आणि क्रँकचा बोल्ट पान्याने हळूहळू फिरवा. व्होल्टेज वर-खाली उड्या मारत असेल तर सेन्सर जिवंत आहे. सप्लाय आणि अर्थ दोन्ही ठीक असून सिग्नल एकाच जागी अडकला असेल, तर सेन्सर बदला. दोन पिनांच्या सेन्सरचा रेझिस्टन्स मोजतात. तो साधारण काहीशे ते दोन हजार ओहमच्या दरम्यान असतो. अनंत दिसला तर आतली कॉइल तुटली आहे.

नवा सेन्सर बसवताना ओ-रिंगला थोडं ऑइल लावा, बोल्ट हलक्या हाताने घट्ट करा आणि सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा चुरा चिकटला होता का हे जुन्यावर बघून घ्या. चुरा असेल तर प्रश्न सेन्सरचा नाही, तो चुरा कुठून आला त्याचा आहे.

पी ००१६ आणि पी ००११ म्हणजे?

पी ००१६ म्हणजे कॅम आणि क्रँक यांचा मेळ बसत नाही. इथे सेन्सर बदलत बसण्यात पैसे जातात. चेन लांबली असेल, बेल्ट किंवा चेन एक दात सरकली असेल, फेझर अडकला असेल, किंवा क्रँकच्या पुलीचा बोल्ट ढिला होऊन गिअर हलला असेल. कॅमच्या गिअरला ३६ दात धरले तर एक दात सरकणं म्हणजे कॅमचे १० अंश, आणि क्रँकच्या हिशेबात २० अंश. एवढ्यात गाडी चालू होते, पण ओढत नाही, आयडलिंग हलतं आणि एव्हरेज घटतो. दोन-तीन दात सरकले तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो. म्हणून हा कोड आलेली गाडी रेटून चालवू नये.

पी ००११ म्हणजे इनटेक कॅमचं टायमिंग हवं त्यापेक्षा पुढे गेलं आहे, आणि पी ००१२ म्हणजे मागे राहिलं आहे. इथे संशयाचा क्रम असा: ऑइलची पातळी आणि ग्रेड, मग ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हची (फेझरला ऑइल सोडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हची) जाळी, मग तो व्हॉल्व्ह, शेवटी फेझर. व्हॉल्व्ह काढून जाळीत गाळ किंवा सीलंटचे तुकडे आहेत का पाहा. कॉइलचा रेझिस्टन्स बऱ्याच गाड्यांत ७ ते ८ ओहमच्या आसपास असतो. गरम इंजिन आयडलिंगला असताना व्हॉल्व्हला दोन-तीन सेकंद थेट १२ व्होल्ट दिले तर इंजिन अडखळलं पाहिजे किंवा बंद पडलं पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह किंवा फेझर अडकलेला आहे.

५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात ‘गाडी जुनी झाली, जाड टाकू’ म्हणून २०डब्ल्यू-५० टाकलं की हे दोन्ही कोड येऊ शकतात. फेझर ऑइलच्या प्रेशरवर हलतो, आणि त्याच्या अरुंद वाटा पातळ ऑइलच्या हिशेबाने केलेल्या असतात.

गाडी वर्षाला जेमतेम ८,००० किमी चालते. तरी ऑइलचा गाळ कसा झाला?

कारण इंजिन किलोमीटरवर नाही, तासांवर झिजतं. घोडबंदर रोडवर गायमुखपासून कापूरबावडीपर्यंत संध्याकाळी सरासरी ताशी १५ किमी पडत असेल, तर १०,००० किमी म्हणजे इंजिनचे जवळपास ६७० तास झाले. तेच अंतर हायवेला ताशी ५० च्या सरासरीने २०० तासांत संपतं. ऑइल तिप्पट वेळ तापलं, पण मीटरवर ते दिसत नाही.

दुसरं टोक म्हणजे फार छोट्या फेऱ्या. हिरानंदानी इस्टेटमधून पातलीपाड्यापर्यंत, किंवा नेरुळच्या सेक्टरमधून स्टेशनवर सोडून परत. इंजिन पुरतं तापतच नाही. ज्वलनातून तयार झालेली वाफ ऑइलमध्ये उतरते आणि तिथेच राहते. सीएनजीच्या ज्वलनात पाणी जास्त तयार होतं, त्यामुळे पावसाळ्यात ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळट पांढरी साय दिसते. थोडी असेल तर महिन्यातून दोनदा तरी पाम बीच रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास सलग गाडी चालवा. कूलंट कमी होत असेल आणि साय वाढतच असेल, तर मात्र हेड गॅस्केट तपासा.

अशा वापराला ऑइल आणि फिल्टर ५,००० ते ७,००० किमी किंवा सहा महिने, जे आधी येईल तेव्हा बदलावेत. गाळ आधीच जाड झाला असेल तर ‘इंजिन फ्लश’ टाकू नका. गाळाचे तुकडे सुटून चेंबरमधल्या स्ट्रेनरवर (पंपाच्या तोंडाच्या जाळीवर) बसतात, प्रेशर जातं आणि कॅम कोरडा पडतो. चेंबर खोलून हाताने साफ करणं हाच नीट उपाय आहे.

डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या दिव्यावर विसंबू नका. तो साधारण अर्ध्या बारच्या खाली प्रेशर गेल्यावरच लागतो. संशय असेल तर प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावायला सांगा. गरम इंजिनात आयडलिंगला एक बारच्या आसपास किंवा जास्त, आणि ३,००० आरपीएमला तीन बारच्या आसपास मिळायला हवं.

सीएनजी गाडीत टॅपेटचा आवाज पूर्वी येत होता, आता आपोआप बंद झाला. चांगलंच ना?

नाही, आणि या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. सीएनजी कोरडा असतो. पेट्रोलचे थेंब व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटला जो थोडा गारवा आणि ओलावा देतात, तो इथे नसतो. व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो, एक्झॉस्टचा जास्त. तो जितका वर सरकतो तितका टॅपेट आणि कॅममधला क्लिअरन्स, म्हणजे मोकळी फट, कमी होतो. म्हणून आवाज जातो.

क्लिअरन्स शून्य झाला की व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. व्हॉल्व्हची उष्णता सीटमधून हेडमध्ये उतरत असते, ती वाट बंद होते. फटीतून आगीचा झोत जातो आणि व्हॉल्व्हची कड जळून तुकडा पडतो. सुरुवातीची लक्षणं अशी: सकाळच्या स्टार्टला एक सिलिंडर मिसिंग, तापल्यावर ठीक, किंवा उलट, तापल्यावर आयडलिंगला हादरे, स्कॅनरवर पी ०३०१ ते पी ०३०४ पैकी एक (शेवटचा आकडा मिसिंग सिलिंडरचा). प्लग आणि कॉइल बदलूनही मिसिंग जात नसेल, तर तिसरी कॉइल आणू नका. क्लिअरन्स मोजा.

आवाज करणारा टॅपेट त्रास देतो, पण तो व्हॉल्व्ह निदान पूर्ण बंद तरी होत असतो. गप्प झालेला टॅपेट हेड उतरवायला लावतो. सीएनजीवर रोज चालणाऱ्या गाडीत दर ४०,००० किमीला क्लिअरन्स मोजून घ्यावा असा आमचा सल्ला आहे. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर मोजायचं काही नसतं, तिथे कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्टवर (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते पाहण्यावर) लक्ष ठेवा.

क्लिअरन्स कसा मोजायचा?

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. दुपारी गाडी आणून संध्याकाळी घेतलेलं माप खरं नसतं.

कॉइल आणि प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. टॅपेट कव्हरचे बोल्ट बाहेरून आत असे थोडेथोडे सोडा. आत काही पडू नये म्हणून प्लगच्या भोकांत कापडाचे बोळे घाला, आणि मोजून घाला. मग क्रँकच्या बोल्टाला सॉकेट लावून इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने फिरवा. जो व्हॉल्व्ह मोजायचा त्याच्या लोबचं टोक टॅपेटपासून विरुद्ध बाजूला आलं की फिलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) सरकवा. पट्टी किंचित अडत, पण न वाकता सरकली की ते माप. कागदावर सिलिंडरप्रमाणे इनटेक-एक्झॉस्ट असे सगळे आकडे लिहा. पेट्रोल गाड्यांत इनटेक बहुधा ०.१५ ते ०.२२ मिमी आणि एक्झॉस्ट ०.२५ ते ०.३२ मिमीच्या पट्ट्यात असतो.

रॉकरला स्क्रू असेल, होंडा सिटीच्या पेट्रोल इंजिनात असतो तसा, तर नट सैल करून स्क्रू फिरवायचा. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा.

मारुतीच्या के-सीरिजसारख्या इंजिनांत स्क्रू नसतो. तिथे वेगळ्या जाडीचा टॅपेट घालावा लागतो आणि त्यासाठी कॅम उतरवावा लागतो. हिशेब सोपा आहे: नवी जाडी म्हणजे जुनी जाडी, अधिक मोजलेला क्लिअरन्स, वजा हवा असलेला क्लिअरन्स. समजा एक्झॉस्टला ०.१२ आला, हवा ०.३०, आणि जुना टॅपेट ३.२० मिमी आहे. मग नवा ३.०२ मिमीचा हवा. बऱ्याचदा चार-पाच टॅपेट एकमेकांच्या जागी फिरवून भागतं, तेव्हा नवे मागवण्याआधी जुन्यांची जाडी मायक्रोमीटरने मोजून घ्या. टॅपेट घासून पातळ करू नका, वरचा कडक थर निघून जातो.

टॅपेट कव्हर उघडल्यावर कॅममध्ये काय पाहायचं?

लोबवर हलकी चमकदार पट्टी असणं ठीक. खड्डे, नखाला लागणारे ओरखडे, टोकाला सपाटपणा किंवा निळसर रंग दिसला तर कॅम गेला. एकच लोब झिजलेला असेल तर त्याच्याच टॅपेटचा किंवा रोलरचा तळ पाहा. रोलर अडकून फिरायचा थांबतो आणि लोब कापत जातो. सगळे लोब आणि जर्नल (कॅम ज्यांवर टेकून फिरतो ते गोल भाग) सारखेच खरवडलेले असतील तर प्रश्न ऑइलच्या पुरवठ्याचा.

मापं घेताना लोबची उंची मायक्रोमीटरने मोजून त्याच कॅमच्या बाकीच्या लोबशी ताडून पाहा. कॅम दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलवर डायल गेज लावला तर वाकलेला आहे का कळतं. मर्यादा इंजिनप्रमाणे ०.०३ ते ०.१० मिमीच्या दरम्यान असते. जर्नल आणि त्यावर बसणारी कॅप यांच्यातली फट प्लास्टीगेजने (दाबून चपटी होणाऱ्या मोजणीच्या दोऱ्याने) मोजा, ०.१० ते ०.१२ मिमीच्या वर गेली तर प्रेशर तिथेच गळतं.

इथे एक कटू गोष्ट. बऱ्याच कारमध्ये कॅमला वेगळी बेअरिंग नसतात, तो थेट हेडच्या अ‍ॅल्युमिनियमवर फिरतो. कॅप हेडसोबतच बोअर केलेल्या असतात. अ‍ॅल्युमिनियम खरवडलं गेलं तर नवा कॅम बसवून प्रश्न सुटत नाही. चांगल्या मशिन शॉपमध्ये लाइन बोअरिंग (कॅमच्या सगळ्या जागा एका रेषेत पुन्हा कापणं) होतं का विचारावं, नाहीतर हेड बदलावं लागतं.

कॅमवर वेल्डिंग भरून ग्राइंड करून मिळतो. कुर्ल्याला जुनाही मिळतो. चालेल?

भरलेला नको. लोबचा कडक थर आणि आकार दोन्ही मूळसारखे होत नाहीत, आणि आजच्या बऱ्याच कॅमचा शाफ्ट पोकळ असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने तो वाकतो.

जुना कॅम घ्यायचा असेल तर मायक्रोमीटर सोबत न्या. इंजिनचा कोड, सेन्सरच्या दातांची रचना आणि गिअरची पिन तुमच्या कॅमशी जुळवा, कारण एकाच गाडीच्या दोन मॉडेलांत हे बदलतं. कॅम जुना असला तरी टॅपेट किंवा रोलर रॉकर नवेच घाला.

माझ्या गाडीत चेन आहे की बेल्ट?

मारुतीच्या के-सीरिज पेट्रोलमध्ये आणि स्विफ्ट-डिझायरच्या १.३ डिझेलमध्ये चेन. डस्टरच्या १.५ डिझेलमध्ये, पोलोच्या १.५ डिझेलमध्ये आणि जुन्या मारुती ८०० मध्ये बेल्ट. बेल्टला किलोमीटर आणि वर्षं दोन्हीची मुदत असते, आणि बदलताना टेन्शनर, आयडलर आणि बेल्टवर चालणारा वॉटर पंपही बदलावा. चेनला मुदत नसते, पण घाणेरड्या ऑइलने ती लांबते. १.३ डिझेलचं टायमिंग करायला कॅम लॉक करणाऱ्या खास पिना लागतात. त्या नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम देऊ नका.

नवा कॅम बसवताना चुका कुठे होतात?

काढताना. कॅमखाली दाबलेल्या स्प्रिंग त्याला एका बाजूने वर ढकलत असतात. एका टोकाचे बोल्ट पूर्ण काढले की कॅम तिरका होतो, कॅप तुटते किंवा कॅमच मोडतो. म्हणून बाहेरून आत, अर्धा-अर्धा फेरा, तीन-चार टप्प्यांत सोडायचे. कॅपवर नंबर आणि बाण असतात. त्यांचा फोटो काढा आणि त्याच क्रमाने ठेवा. त्यांची अदलाबदल चालत नाही. टॅपेटही ज्याच्या त्याच्या जागी.

बसवण्याआधी हेडमधल्या ऑइलच्या वाटा क्लीनर आणि हवेने मोकळ्या करा. लोब आणि जर्नलवर असेंब्ली ल्युब किंवा किमान स्वच्छ इंजिन ऑइल भरपूर लावा. कॅप आतून बाहेर आवळत जा. ६ मिमीच्या बोल्टांचा टॉर्क बहुधा १० ते १२ न्यूटन-मीटर असतो, म्हणजे फारच कमी. मोठ्या रेंचने अंदाजाने आवळले की अ‍ॅल्युमिनियमचे आटे निघतात. त्या मापाचा छोटा टॉर्क रेंच वापरा.

टायमिंगच्या खुणा जुळवून टेन्शनरची पिन काढल्यावर इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा पाहा. चेनच्या रंगीत कड्या आता गिअरच्या खुणांवर येणार नाहीत, ते बरोबर आहे. गिअरच्या आणि इंजिनवरच्या खुणा जुळल्या की झालं. फिरवताना कुठे टणक अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतोय.

सीलंट फक्त चेन कव्हर आणि हेडच्या सांध्यावर, बारीक. टॅपेट कव्हरला गोल फिरवून थापलेलं सीलंट आत पिळून निघतं, सुटतं आणि स्ट्रेनर किंवा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हच्या जाळीत जाऊन बसतं.

पहिल्यांदा चालू करताना?

हायड्रॉलिक टॅपेट असतील तर कॅम आवळल्यावर किमान अर्धा तास थांबा, त्यांच्यातलं जादा ऑइल निघून ते बसू द्या. मग फ्युएल पंपाचा फ्यूज काढून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मधे अर्धा मिनिट विश्रांती, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतर फ्यूज लावून चालू करा. सपाट टॅपेटच्या जुन्या पुशरॉड इंजिनांत (यांत कॅम खाली, ब्लॉकमध्ये असतो) नवा कॅम पहिली २० मिनिटं २,००० आरपीएमच्या आसपास चालवतात, आयडलिंगला सोडत नाहीत, कारण लोबला उडणारं ऑइल वेगावरच मिळतं. रोलर असलेल्या इंजिनांना हे लागत नाही.

पावसात वंदना डेपोजवळ गाडी पाण्यात बंद पडली. कॅमला धोका आहे का?

धोका आधी कनेक्टिंग रॉडला आहे, म्हणून सेल्फ मारू नका. टोइंगने न्या. एअर फिल्टर ओला असेल तर प्लग काढून इंजिन हाताने फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर ते कॅमवर थर धरत नाही. पूर्ण काढा, नवं ऑइल आणि फिल्टर घालून १५-२० मिनिटं चालवा, आणि तेही काढून पुन्हा नवं भरा. कॅम आणि क्रँक सेन्सरचे प्लग उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. हे केलं नाही तर पी ०३४० दिवाळीच्या सुमाराला येतो.

आवाज येत असताना तुर्भे किंवा वागळे इस्टेटच्या गॅरेजपर्यंत चालवत नेऊ का?

हलकी टिकटिक, पिकअप ठीक, ऑइलची पातळी ठीक: हळू नेता येईल. ऑइलचा दिवा, चेनची खडखड किंवा पी ००१६ असेल तर टोइंग.

गॅरेजकडून काय मागून घ्यावं?

काढलेले जुने भाग, घेतलेल्या मापांचा कागद (क्लिअरन्स, लोबची उंची, ऑइल प्रेशर) आणि बसवलेल्या भागांचे पार्ट नंबर बिलावर. मापांचा कागद नसेल तर निदान अंदाजाने झालं असं समजा. चेन किटमध्ये टेन्शनर, गाइड आणि गिअर आहेत की नुसती चेन आहे, हेही बिलावर वेगळं लिहून घ्या.

काम झाल्यावर पुढचं ऑइल कधी?

५०० ते १,००० किमीला, फिल्टरसकट. जुना फिल्टर कापून त्याचा कागद उघडायला सांगा आणि त्यावर चुंबक फिरवा. बारीक करडी पूड थोडी निघेलच. त्याहून मोठे, चुंबकाला चिकटणारे कण दिसले तर लोब, टॅपेट किंवा चेन झिजते आहे. न चिकटणारी चकाकी दिसली तर हेडच्या अ‍ॅल्युमिनियमचे जर्नल किंवा खालची बेअरिंग. दोन्हीपैकी काहीही निघालं तर गाडी तिथेच ठेवा आणि ऑइल प्रेशर पुन्हा मोजून घ्या.